‘सांगत्ये ऐका’ : श्रोत्याची जबाबदारी

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कलावंत स्त्रियांच्या आत्मकथनांची चर्चा त्याच्या उल्लेखावाचून पूर्ण होत नाही. परंतु हा उल्लेख बहुधा ‘धीट’, ‘प्रांजळ’, ‘संघर्षमय’ या विशेषणांपाशी थांबतो. ही विशेषणे गौरवपर असली तरी त्यांमुळे मूळ निवेदन नीट ऐकले जात नाही.

ग्रंथाचे शीर्षक अनंत माने यांच्या १९५९ मधील चित्रपटाचे आहे. त्यात वाडकर यांची प्रमुख भूमिका होती. तमाशापटात प्रेक्षकांना घातलेली ही साद आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर येताच श्रोत्याकडे केलेली मागणी होते. या कथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. छापील वाक्यामागे अशी एक सांगणारी आणि एक ऐकणारा उभा आहे. त्यामुळे संहितेला केवळ अंतर्मनाचा उद्गार मानणे अपुरे ठरते; ते कोणाला तरी उद्देशून केलेले सांगणे आहे.

या सांगण्यातील एक तपशील पाहावा. रतन साळगावकर ही मुलगी घराच्या गरजेपोटी अल्पवयातच चित्रपटात आली आणि घराण्याचे आडनाव पडद्यावर नको म्हणून ‘हंसा वाडकर’ झाली. घराला तिची मिळकत हवी होती, नाव मात्र नको होते. अशा आयुष्याला ‘जिद्दीची कहाणी’ म्हटले की सारे प्रश्न निवेदिकेच्या स्वभावाकडे वळतात आणि तिच्या कष्टांवर चाललेले घर व चित्रव्यवसाय नामानिराळे राहतात. सोसण्याची थोरवी गाताना सोसायला लावणाऱ्यांची सुटका होते.

वाडकर यांची जिद्द खोटी होती, असा याचा अर्थ नव्हे. मात्र ती त्या परिस्थितीची किंमत होती, तिचे समर्थन नव्हे. या आत्मकथनावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटाने हे आयुष्य मराठीबाहेरच्या प्रेक्षकांपुढे आणले. तथापि पडद्यावर निवेदिका पुन्हा पाहण्याचा विषय होते. ग्रंथात ती स्वतः बोलते.

पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून शिकवण्यापूर्वी सांगण्याचा क्रम, त्यातील मौने आणि शब्दांकनकाराचा सहभाग यांची चिकित्सा व्हावी. शीर्षकातील दोन क्रियापदांपैकी पहिले वाडकर यांनी पूर्ण केले आहे. दुसरे अभ्यासकांकडे अजून येणे आहे.