उत्तरपत्रिका वाचणार कोण?

अमेरिकेतील टेक्सास राज्याने डिसेंबर २०२३ पासून शालेय परीक्षांतील लेखी उत्तरे प्रथम संगणकाकडून तपासून घेण्यास प्रारंभ केला. त्यांत विज्ञानाची उत्तरेही आली. माणसांनी तपासलेल्या सुमारे ३,००० उत्तरांच्या नमुन्यावरून यंत्राने गुण देण्याची पद्धत हेरायची आणि मग राज्यभरच्या मुलांना गुण द्यायचे, अशी ही रीत. त्यांपैकी सुमारे २५ टक्के उत्तरे पुन्हा माणसांकडे जातात. यातून वर्षाला दीड ते दोन कोटी डॉलर वाचतील, असा शिक्षणखात्याचा हिशेब.

यंत्राचे गुण माणसाच्या गुणांशी जुळतात, एवढ्यावर त्याचे समर्थक निश्चिंत आहेत. परंतु जुळणे म्हणजे समजणे नव्हे. घाईत तपासणाऱ्या परीक्षकाचे अनुकरण करणारे यंत्र त्याची घाईही उचलते. लेस पेरेलमन या लेखनशिक्षकाने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक संगणक-प्रणाली रचली. तिने जुळविलेल्या भारदस्त पण निरर्थक निबंधांना निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी उत्तम गुण बहाल केले!

विज्ञानात तर धोका अधिकच. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते’ हे उत्तर चूक. ती सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीत. पण त्या चुकीमागे विस्तवाजवळ ऊब घेतलेल्या मुलाचा विचार आहे. उलट ‘पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे ऋतू होतात’ हे पाठ केलेले वाक्य बिनचूक असूनही पोकळ असू शकते. पहिल्याला शून्य व दुसऱ्याला पूर्ण गुण देऊन आपण नेमके काय मोजले?

अनोळखी परीक्षकही येथे फसतो, हे मान्य. म्हणूनच उपाय यंत्रात नाही, वर्गात आहे. सेमिनरीत आमच्या तोंडी परीक्षा होत. मी पाठांतर घडाघडा म्हणताच वृद्ध प्राध्यापक शांतपणे म्हणत, “आता तुझ्या शब्दांत सांग.” माझी बोबडी वळे, पण खरे शिक्षण तेथूनच सुरू होई.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. चाळीस वह्यांतील सारख्या चुका वेगळ्या काढून त्याने शिक्षकापुढे अवश्य ठेवाव्यात. निवाडा मात्र त्याचा नसावा. वाचविलेले कोट्यवधी डॉलर शिक्षकांची संख्या वाढविण्यासाठी खर्च होणार नसतील, तर ती बचत नव्हे. मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याच्या कर्तव्यातून काढलेली ती पळवाट आहे.