गाणाऱ्याचे नाव सांगा

गेल्या चतुर्थीच्या सुमारास पेडण्याच्या बाजारात एका दुकानापुढे आमचे पाय थबकले. दुकानदाराच्या मोबाईलवर घुमट-आरती चालू होती. घुमटाचा घुमणारा ठेका, शामेळाची साथ, आणि वरच्या पट्टीतला एक खणखणीत आवाज. हे पथक कोणाचे, असे विचारता उत्तर आले, "आमच्याच बाजूचे असणार!" पडद्यावर गणपतीचे चित्र होते आणि आरती प्रसारित करणाऱ्याची मुद्रा होती. गायक, वादक, गाव, साल यांपैकी एक अक्षरही नव्हते.

आमच्या तालुक्यांतील मुले आज कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता घरच्या घरी गाणी मुद्रित करतात आणि जगापुढे ठेवतात, याचे आम्हांस कौतुकच वाटते. शापोरा नदीपलीकडच्या शिवोलीत रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत अशीच घरी तयार केली आणि स्वतः स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचविली. परंतु तेथे गाणाराच विक्रेता असल्यामुळे नाव हरवण्याची भीतीच नव्हती. आज एक ध्वनिमुद्रण सकाळी डिचोलीत निघते, दुपारी बांदा-सावंतवाडीस जाते आणि रात्री मुंबईच्या चाळीत वाजते. नाव मात्र पहिल्याच मुक्कामी गळून पडते.

नावाची बूज राखणारा असा प्रदेश दुसरा क्वचितच असेल. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिकांनी आपल्या आडनावातच गाव वागविले. आणि पेडणेकरांस हे सांगावयास हवे काय, की संगीत नाटक अकादमीची फेलोशिप १९५८ साली ज्या पहिल्या स्त्रीस मिळाली, त्या अंजनीबाई मालपेकर याच तालुक्यातील मालप्याच्या? (सांगावयास हवे, असा आमचा अनुभव आहे.) त्या मालप्यापासून हाकेच्या अंतरावरील वादकास आज नावही नसावे!

कोणी म्हणेल, आरती देवाची. तिथे माणसाचे नाव कशाला? हा युक्तिवाद सात्त्विक खरा, पण खोटा आहे. विठ्ठलापुढे सर्वस्व ओवाळणाऱ्या संतांनीही अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा ठेवलीच. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर रात्रभर विजेचे संगीत वाजविणाऱ्याचे नाव फलकावर हातभर अक्षरांत झळकते, आणि डिचोलीच्या कुंभाराने भाजलेल्या मडक्यावर ताल धरणारा मात्र निनावी, हा कुठला न्याय? घुमटाला २०१९ साली गोव्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. घोरपडीचे कातडे कायद्याने वर्ज्य झाल्यावर बकरीच्या कातड्यावर तोच नाद काढण्यासाठी ज्यांनी बोटे झिजविली, त्यांना काय मिळाले?

इथे प्रश्न केवळ मानाचा नाही. पथकाचे नाव-गाव कळले तर वाडीच्या जत्रेचे, मुंबईच्या मंडळाचे बोलावणे येते. न कळले तर टाळ्या आरतीला आणि पैसा प्रसारित करणाऱ्याला. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, १९६७ च्या कौलाने गोवा वेगळा राहिला. पण भजनीबुवा आणि दशावतारी तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर जातच राहिले, कारण त्यांची नावे लोकांच्या तोंडी होती.

कायदाही आता कलावंताच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्यास आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क दिला. परंतु घुमट घेऊन कचेरीत कोण जाणार? त्याहून सोपी तोड जुन्यांनीच दाखविली आहे. १९०२ साली गौहरजानने तबकडीवर गाणे संपताच आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगितले. पडद्यावर लिहिलेले नाव दुसऱ्याला खोडता येते, एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना गळते. गाण्याला चिकटून बोललेले नाव सहसा गाण्याबरोबरच जाते. म्हणून पथकांना आमची सूचना आहे, की शेवटचा ठेका पडताच यंत्र बंद करू नका. बुवांनी गावाचे नाव घ्यावे, पद रचणाऱ्याचे घ्यावे, मग घुमटवाल्याने, शामेळवाल्याने, झांजवाल्या पोरानेही आपापले नाव सांगावे. अर्ध्या मिनिटाचे काम. श्रावणात तालमी सुरू होतील, तेव्हा याचीही एक तालीम करा.