एअर प्युरिफायर विकताय? आधी बेडरूमचं माप विचारा



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, गिऱ्हाइकाला खर्च आधी सांगा, फायदा नंतर. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, असं केलं तर माल खपणार कसा?" उत्तर माझ्याच दुकानातल्या चुकीतून देतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी एक गृहस्थ आले. मुलीला दमा, रात्री खोकून खोकून उठायची. बेडरूमसाठी एअर प्युरिफायर हवा होता. मी स्टॉकमध्ये पडून असलेला छोटा पीस काढला. "हेपा फिल्टर आहे साहेब, डोळे झाकून घ्या!" दहा मिनिटांत बिल फाडलं आणि स्वतःवरच खूश झालो.

फेब्रुवारीत ते मशीन हातात घेऊनच परत आले. "पोरगी अजून खोकते. आणि आता लाल दिवा लागलाय, फिल्टर बदला म्हणतो. अडीच हजार? हे तेव्हा का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग जी चौकशी विकताना करायची, ती तेव्हा केली.

खोली 10 बाय 12, उंची 10 फूट. म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. दम्याचा पेशंट असेल तर खोलीतली हवा तासाला निदान पाचदा फिल्टरमधून जावी, असा हिशोब धरतात. 34 गुणिले 5, म्हणजे 170. मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, तो आकडा म्हणजे सीएडीआर. खोक्यावर छापलेला असतो. मी दिलेल्या मशीनचा होता 120. तोही पंखा फुल असताना! आवाज नको म्हणून ते रात्री स्लीप मोडवर लावायचे, म्हणजे त्याहून बराच कमी. वर खिडकी उघडी. आणि कहर म्हणजे त्याच खोलीत मच्छरांची कॉइल. एकीकडे धूर करायचा, दुसरीकडे मशीनने ओढायचा. फिल्टर लवकर भरेल नाहीतर काय!

मी मशीन पूर्ण किमतीत परत घेतलं, मोठं दिलं, फक्त फरक घेतला. सांगितलं, कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. झोपायच्या आधी तासभर दार-खिडकी लावून फुल स्पीडवर चालवा, मग स्पीड कमी करा. सकाळी खिडकी उघडा, कारण बंद खोलीतला कार्बन डायऑक्साइड हेपा काढत नाही. आणि डॉक्टरांचं औषध चालूच ठेवा, हे यंत्र म्हणजे औषध नव्हे.

मुलीचा खोकला पूर्ण गेला का? नाही. पण रात्री उठणं कमी झालंय, असं ते सांगतात. त्या व्यवहारात मला तोटा झाला. पण त्यांच्याच सोसायटीतली दोन गिऱ्हाइकं नंतर माझ्याकडे आली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइनवाल्याशी भावात आपण जिंकणार नाही. पण "खोली केवढी? दार बंद ठेवता का? कॉइल लावता का?" हे ऑनलाइनवाला विचारत नाही. आपलं दुकान या तीन प्रश्नांवर चालतं. कधीकधी उत्तर ऐकून "तुम्हाला हे घ्यायची गरज नाही" असंही म्हणावं लागतं. भिंतीला ओल आली असेल तर आधी गळती काढा म्हणा. प्युरिफायरने भिंत सुकत नाही.

खर्च ऐकून काही गिऱ्हाइकं निघून जातात, हे खरंय. जाऊ द्या. न सांगता विकलं तर तेच गिऱ्हाईक फेब्रुवारीत मशीन घेऊन परत येतं, आणि दुकानात इतर चार जण ऐकत असतात.

आज एक काम करा. तुम्ही विकता त्या एका वस्तूचा वर्षभराचा खर्च कागदावर लिहा: किंमत, वीज, सुटे भाग, सर्व्हिस. तो कागद काउंटरवर लावायची हिंमत होते का, बघा. होत नसेल, तर अडचण गिऱ्हाइकात नाही, मालात आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!