मोडके नमुने

दिवाळीची सुटी जवळ आली, की अंगणात, वाड्याच्या चौकात, नाहीतर इमारतीच्या जिन्याखाली मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर ओले गोणपाट पसरावे, माती कालवून थापावी आणि उतारावर हळीव किंवा मोहरी पेरावी, असा त्या कामाचा सर्वसाधारण क्रम असतो. परंतु हा क्रम पाठ केल्याने किल्ला होत नाही. माती पातळ झाली, तर बुरूज रात्रीतून खाली येतो. फार घट्ट राहिली, तर दुसऱ्या दिवशी उन्हाने तडकते. किती पाणी घालावे, हे कोणी सांगून कळत नाही. बुरूज एकदा ढासळला, म्हणजे हातांना कळते.

अलीकडे बाजारात तयार किल्ले मिळू लागले आहेत. रंगवलेला, सुबक किल्ला आणून ठेवला, की काम झाले! मला हे किल्ले आवडत नाहीत. ते कुरूप असतात म्हणून नव्हे. मी लहानपणी केलेल्या कोणत्याही किल्ल्यापेक्षा ते खचितच देखणे असतात. पण त्यांना विचारण्यासारखे काही उरलेले नसते. नमुना हा आधी विचारण्यासाठी असतो आणि दाखवण्यासाठी नंतर, असे माझे मत आहे. हा केवळ मुलांच्या खेळाचा प्रश्न नाही. मोठमोठ्या इमारतींची आखणी करणारी माणसेही आपली विद्या याच रीतीने शिकत आली आहेत.

जर्मनीत 1919 साली ‘बाउहाउस’ नावाची एक कलाशाळा स्थापन झाली. पुढे 1925 साली ती देसाऊ या गावी गेली. तेथे नव्या विद्यार्थ्यांना पहिले धडे देण्याचे काम योझेफ आल्बर्स यांच्याकडे असे. हे गृहस्थ आधी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांच्या पहिल्या तासाची हकीकत हान्नेस बेकमान या विद्यार्थ्याने पुढे लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्गात आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. त्यांनी प्रत्येकाला कागद वाटले आणि सांगितले, की यातून काहीतरी करा. पण कात्री, सुरी, डिंक यांची मदत होता होईल तो घेऊ नका, आणि कागदाचा मान राखा. एवढे बोलून ते निघून गेले.

काही तासांनी ते परत आले, तेव्हा वर्गात कागदाचे किल्ले, बोटी, विमाने यांची गर्दी झाली होती. आल्बर्स यांनी ते सारे पाहिले. पण त्यांचे मत पडले, की यांतील पुष्कळशा वस्तू दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या केल्या असत्या, तर अधिक चांगल्या झाल्या असत्या. मग त्यांनी एक अगदी साधी वस्तू उचलली. हंगेरीहून आलेल्या एका तरुण वास्तुरचनाकाराने कागदाला फक्त उभ्या घड्या घातल्या होत्या आणि तो पडद्यासारखा उभा केला होता. बस्स, इतकेच!

यात विशेष ते काय, असे तुम्हांला वाटेल. वर्तमानपत्राचे एक पान घ्या आणि त्याला कडेवर उभे करून पाहा. ते लगेच मान टाकील. आता त्याला पंख्यासारख्या घड्या घाला. तोच लुळा कागद आपल्या सर्वांत पातळ बाजूवर, म्हणजे कडेवर, ताठ उभा राहील. कागदात नवे काही मिसळलेले नसते. केवळ आकार बदलल्यामुळे बळ येते. घरांवरच्या पन्हळी पत्र्याला ताठपणा येतो, तो याच कारणाने. बाकीच्या मुलांनी कागदाला किल्ल्याचे सोंग दिले होते. या एकाने कागदाला काय येते, ते त्यालाच विचारले.

असाच प्रश्न स्पेनमध्ये आंतोनी गौदी या वास्तुरचनाकाराने दोऱ्यांना विचारला, आणि उत्तरासाठी तो सुमारे दहा वर्षे थांबला. बार्सिलोनाजवळच्या एका कामगारवस्तीसाठी त्याला चर्च बांधायचे होते. हे काम त्याच्याकडे 1898 साली आले. त्याने छताला दोऱ्यांचे जाळे टांगले आणि जागोजागी शिशाच्या छऱ्यांनी भरलेल्या चिमुकल्या पिशव्या लटकवल्या. नियोजित इमारतीच्या एकदशांश मापाचा हा नमुना होता, आणि तो चक्क उलटा होता! दोऱ्याला फक्त ताण सोसतो. त्याच्यावर दाब पडला, तर तो गोळा होतो. विटांचे नेमके उलट असते. त्या दाब सोसतात. ताण पडला, की सांधे उकलतात. म्हणून वजनाने लोंबणारा दोरा जो आकार घेतो, तो उलटा केला, की विटांच्या कमानीसाठी योग्य आकार मिळतो. हे तत्त्व इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकातच मांडले होते. गौदीने त्याच्या आधारे सबंध इमारत टांगली. एक पिशवी जड केली, की आसपासचे दोरे सरकून नवा आकार घेत. मग छायाचित्र काढायचे आणि ते उलटे धरून पाहायचे.

1908 साली बांधकाम सुरू झाले आणि 1914 साली थांबले. चर्चचे तळघर तेवढे पूर्ण झाले. आज असले हिशेब संगणक फार थोड्या वेळात करतो, आणि त्याने ते करावेत. त्यात गैर काही नाही. तरीही वास्तुकलेच्या विद्यालयांतून पुठ्ठा, तार आणि माती अजून गेलेली नाहीत. पडद्यावर काढलेल्या भिंतीला स्वतःचे वजन जाणवत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

सुबक नमुन्यांनाही स्थान आहे, हे मी नाकारत नाही. घरे विकणाऱ्यांच्या कार्यालयात काचेच्या पेटीत इवल्याशा झाडांसह ठेवलेली इमारत असते. घर घेणाऱ्याला तिचा उपयोग होतो. परंतु शाळेत आपण तिचीच नक्कल करू लागतो, तेथे माझा विरोध आहे. या दोषातून मी सुटलेलो नाही.

मी मुख्याध्यापक असताना एका वार्षिक प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलाने जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे तीन पूल मांडले होते. पहिला मधोमध वाकलेला, दुसरा टोकाशी फाटलेला. तिसऱ्यावर त्याने तीन विटा ठेवून दाखवल्या. पाहुणे यायची वेळ झाली होती. मी म्हणालो, “अरे, हे मोडके कशाला मांडलेस? ठेव बाकाखाली.” त्याने काही न बोलता ते खाली सरकवले. थोड्या वेळाने पाहुण्यांनी त्याला विचारले, “बाळ, या बाजूच्या पट्ट्या उभ्या का लावल्यास?” तो गोंधळून बाकाखाली पाहू लागला. उत्तर तेथे होते, आणि ते मीच तेथे ठेवायला लावले होते. पहिले बक्षीस त्या वर्षी एका चकचकीत राजवाड्याला मिळाले. तो घरातल्या मोठ्या माणसांनी करून दिला होता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

तुमच्या शाळेत प्रदर्शन भरेल, तेव्हा तुम्ही आपल्या गुरुजनांजवळ एक मागणी अवश्य करा. प्रत्येक नमुन्याशेजारी त्याच्या आधीच्या मोडक्या नमुन्यांना जागा मिळावी आणि कोणता कशाने पडला, हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे. त्यासाठी चार बाके अधिक लागतील. ती शेजारच्या वर्गातून आणता येतील.