वाळूचा भाव आणि गोदावरीचा हिशेब

गुलमंडीतील जुने वाडे चुना, वीट आणि काळ्या दगडाचे होते. आज पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंतच्या टिळक पथावर व आसपासच्या गल्ल्यांत काँक्रीटचे मजले चढत आहेत. या शहराच्या बांधकामाला पैठण तालुक्यातील गोदापात्राने वर्षानुवर्षे वाळू पुरविली. वाळूच्या ब्रासमागे जो भाव सांगितला जातो, त्यात उपशाची मजुरी, ट्रकचे भाडे, शासनाची रॉयल्टी व दलालाचा नफा येतो. नदीकाठच्या विहिरींचे खालावलेले पाणी मात्र त्यात येत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते की, खासगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत तफावत राहते. ही तफावत येथे शेतकऱ्याच्या माथी मारली जाते.

पर्याय नाही असे म्हणता येणार नाही. काँक्रीटच्या आकारमानात सुमारे ६० ते ७५ टक्के भाग खडी व वाळूचा असतो. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये आय.एस. ३८३ हे मानक सुधारून कारखान्यांतील टाकाऊ द्रव्यांना त्यात मर्यादित जागा दिली. लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळी, म्हणजे स्लॅग, खडीऐवजी साध्या काँक्रीटमध्ये ५० टक्क्यांपर्यंत व सळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरता येते. पोलादाच्या मळीला सळईच्या कामात मज्जाव आहे. तिच्यात मोकळा चुना राहिला तर ती ओलाव्याने फुगते. औष्णिक केंद्रातील तळराख तर केवळ कमी ताकदीच्या काँक्रीटमध्येच चालते.

मराठवाड्यात ही द्रव्ये दूर नाहीत. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, परळीत औष्णिक केंद्र आहे. परंतु जालन्यातील इंडक्शन भट्ट्यांची मळी झोतभट्टीच्या मळीहून वेगळी असते. मानकातील आकडे तिला डोळे झाकून लावणे म्हणजे गरिबाच्या छपराशी खेळणे होय. परळी येथून सुमारे २०० किलोमीटर आहे, तेव्हा वाहतुकीचा खर्चही मोजावाच लागेल.

खरा प्रश्न मालकीचा आहे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रांची राख दहा वर्षे विनामूल्य देण्यास सांगितले. हेतू चांगला होता. पण फुकट मिळणाऱ्या मालाला बाजारात भाव आला की ट्रक ज्याच्या हाती, त्याचे राज्य सुरू होते. धूळ मात्र परळीच्या आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. वाळूत जे घडले तेच राखेत घडणार असेल, तर बदलले काय?

म्हणून महापालिकेने सुरुवात स्वतःच्या कामांपासून करावी. पदपथाचे ठोकळे आणि रस्त्यांचे पायाथर यांत तपासलेली मळी व पाडलेल्या घरांचा दगड वापरावा. प्रत्येक खेपेची तपासणी शहरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे सोपवावी आणि निकाल नागरिकांना पाहता यावेत. राखेची वाहतूक बंदिस्त वाहनांतूनच व्हावी. तिच्या विक्रीचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा व उत्पन्नाचा ठरावीक वाटा धूळ सोसणाऱ्या गावांना मिळावा. ही धूळ उपसणाऱ्या व मिक्सरवर राबणाऱ्या मजुरांची आरोग्यतपासणी ठेकेदाराच्या करारातच लिहिली जावी. एवढे केले तरच गोदावरीवरील भार हलका होईल. नाहीतर नदीवरचे ओझे परळीच्या गावांवर टाकल्यासारखेच होईल.