विश्लेषण : उद्यानात स्टेडियम नको, असे फुटबॉल खेळणाऱ्यांनीच का सांगितले?

न्यूयॉर्क शहरात केवळ फुटबॉलसाठी बांधले जाणारे पहिले मोठे स्टेडियम २०२७ मध्ये खुले होणे अपेक्षित आहे. क्वीन्स भागातील विलेट्स पॉइंट येथे त्याचे काम सुरू असून ‘न्यूयॉर्क सिटी एफसी’ हा क्लब तेथे खेळेल. पण दशकभरापूर्वी हेच स्टेडियम शेजारच्या सार्वजनिक उद्यानात बांधण्याचा प्रस्ताव होता. तो बारगळला कसा आणि त्या वादातून काय हाती लागले?

प्रस्ताव नेमका काय होता?

फ्लशिंग मेडोज कोरोना पार्क हे ८९७ एकरांचे उद्यान. १९३९ आणि १९६४ ची जागतिक प्रदर्शने येथेच भरली. अमेरिकन ओपन टेनिस पाहणाऱ्यांनी नाव ऐकले नसले तरी उद्यान पाहिलेले असते, कारण ती स्पर्धा याच आवारात होते. २०१२ मध्ये ‘मेजर लीग सॉकर’ने येथे २५ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधण्याची कल्पना मांडली. तेव्हा क्लबचा जन्मही झालेला नव्हता. आधी जागा, मग संघ, असा क्रम होता. जागा हवी होती सुमारे १३ एकर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कच्या जवळपास निम्मी. बांधकामाचा खर्च लीग आणि संघमालक करणार होते.

जागाही हुशारीने निवडली होती. प्रदर्शनाच्या काळातील एक जुने कारंजे आणि त्याभोवतीचा दुर्लक्षित तलाव. तिथे कोणी जात नाही, मग बिघडले काय, असा युक्तिवाद करण्यात आला. सोबत आसपासची मैदाने दुरुस्त करून देण्याचे आणि रोजगाराचे आश्वासनही होते.

मग विरोध का?

कोरोना, जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट या भोवतालच्या वस्त्यांत इक्वेडोर, कोलंबिया, मेक्सिको आणि दक्षिण आशियातून आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहतात. घरे लहान, अंगण नाही. सुट्टीच्या दिवशी फुटबॉल, व्हॉलीबॉल, क्रिकेट, वाढदिवस, सगळे याच उद्यानात. म्हणजे फुटबॉलवर जीव असलेल्या वस्तीतूनच फुटबॉल स्टेडियमला विरोध होत होता. यात विसंगती वाटते, पण ती नाही. तिकीट काढून सामना पाहणे वेगळे आणि पैसे न देता स्वतः खेळणे वेगळे. लीगला या वस्तीत प्रेक्षक दिसत होते. वस्तीला मात्र आपण खेळाडू आहोत हे ठाऊक होते.

शिवाय उद्यानाचा लचका तोडण्याची ही पहिली वेळ नव्हती. टेनिस केंद्राकडे आधीच सुमारे ४२ एकर होते आणि त्याच सुमारास ते आणखी थोडी जागा मागत होते. बेसबॉल स्टेडियमचे वाहनतळ कागदोपत्री उद्यानाचीच जमीन आहे आणि तेथे मॉलचा प्रस्ताव आलेला होता. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर किरकोळ वाटते. बेरीज मात्र रहिवाशांनाच करावी लागते.

बदली जमीन मिळणार होती ना?

न्यूयॉर्कमध्ये उद्यानाची जमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर राज्य विधिमंडळाची मंजुरी लागते. तेवढीच जमीन दुसरीकडे द्यावी, अशी अपेक्षा असते. लीगची त्यालाही तयारी होती. कॉलेज पॉइंट येथील बंद पडलेल्या विमानतळाची जागा चर्चेत होती. पण कोरोनातल्या मुलाने पायी जायचे उद्यान काही किलोमीटर दूर गेले, तर नकाशावर एकर तेवढेच राहतात आणि मुलाचे मैदान जाते. ब्रॉन्क्सचा अनुभवही ताजा होता. तेथे उद्यानाच्या जमिनीवर उभारलेले नवे यांकी स्टेडियम २००९ मध्ये सुरू झाले, तर जुन्या स्टेडियमच्या जागेवरची बदली मैदाने खुली व्हायला २०१२ उजाडले. तीन वर्षे म्हणजे शाळकरी खेळाडूचे निम्मे बालपण!

मे २०१३ मध्ये मँचेस्टर सिटी आणि यांकीज यांच्या मालकीचा संघ जाहीर झाला आणि जागेचा शोध उद्यानाबाहेर वळला. २०१५ पासून संघ प्रामुख्याने यांकी स्टेडियममध्येच खेळत आला.

न्यायालय काय म्हणाले?

फुटबॉलचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला नाही, पण मॉलचा गेला. जून २०१७ मध्ये राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने मॉलविरोधात निकाल दिला. १९६१ च्या कायद्याने या जमिनीवर स्टेडियमला परवानगी दिली होती, त्यात मॉल बसत नाही, असा त्याचा आशय. यामागचे तत्त्व असे, की उद्यान सरकारच्या ताब्यात असते, पण सरकार मालक नसून विश्वस्त असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात (एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ) हेच तत्त्व अमेरिकी संदर्भ देत स्वीकारले. त्याआधी १९९१ मध्ये बेंगळुरूत उद्यानासाठी राखीव भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रहिवाशांच्या याचिकेवरून रद्द झाला होता.

आता स्टेडियम कुठे?

रस्त्यापलीकडे. विलेट्स पॉइंट हा गॅरेजांचा आणि जुन्या सुट्या भागांच्या दुकानांचा भाग. ती दुकाने हटवली गेली, त्यामुळे इथेही कोणाचे नुकसान झाले नाही असे म्हणता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये शहर परिषदेने स्टेडियमला मंजुरी दिली. सोबत २,५०० परवडणारी घरे आणि शाळा आहे. सुमारे ७८ कोटी डॉलरचा बांधकाम खर्च क्लबचा आहे, पण जमीन शहराची आणि भाडेकरार ४९ वर्षांचा. मालमत्ता कराच्या सवलतीमुळे शहराचे किमान ५१.६ कोटी डॉलर बुडतील, असा अंदाज शहराच्याच स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाने मांडला होता. ‘खासगी पैशातून’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वाचावा.

तरी एक फरक महत्त्वाचा. उद्यानाची एक एकर जमीनही या स्टेडियमसाठी गेली नाही. बेसबॉलच्या वाहनतळाची कहाणी वेगळी आहे. मॉल अडला, तिथेच सुमारे ५० एकरांवर कॅसिनोचा प्रस्ताव आला. या वेळी प्रवर्तक कायद्याला वळसा घालायला गेले नाहीत. ते थेट विधिमंडळात गेले. २०२५ मध्ये विधिमंडळाने परवानगी दिली.