आधी पाणी तपासा, मग मोटार घ्या



कापसाचे चुकारे हाती आले की पोडावर, तांड्यावर, शेतातल्या घरी, जिथे विजेची तार पोहोचली नाही तिथे सोलरची मोटार आणि पाण्याचा फिल्टर घ्यायचा विचार सुरू होतो. विचार चांगला आहे, क्रम चुकीचा आहे. आधी मोटार, मग फिल्टर, आणि पाण्याची तपासणी कधीच नाही.

केळापूर, झरी जामणी, वणी या भागांत कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याला ना रंग, ना वास. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. पुढे कंबर-गुडघे आखडतात आणि आपण वात म्हणून मोकळे होतो. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत ते चांगले पाणी. दुसरे पाणीच नसेल तर 1.5 ही शेवटची हद्द.

आम्ही शेतीची पदवी घेतली, माती तपासा म्हणून गावोगाव सांगत फिरलो. घरच्या माठातल्या पाण्याबद्दल मात्र गप्प राहिलो. ही चूक आमचीच.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. कॅन्डलचा फिल्टर गढूळपणा काढतो, फ्लोराइड नाही. आर.ओ. काढतो, पण वीज मागतो आणि बरेच पाणी फेकतो. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर विजेशिवाय चालतो, पण काही काळाने दमतो. तो पुन्हा ताजा कोण करून देणार, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

सगळे पाणी गाळायची गरज नाही. पिणे-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरा. सहा माणसांना तीस लिटर. दोनशे चौरस फूट टिनावर नुसता 500 मिलिमीटर पाऊस धरला तरी नऊ हजार लिटर पडतो, आणि त्यात फ्लोराइड नसते. टाकीला खर्च आहे, पण जमेल तेवढे साठवा. पहिला पाऊस वाहू द्या, फवारणीच्या दिवसांत पन्हळ बाजूला करा. औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी पाण्याला नको. 2017 ची विषबाधा या जिल्ह्याने सोसली आहे.

आता मोटार. काठावरची मोटार सात मीटरपेक्षा खोलून भरवशाने पाणी ओढत नाही. तिथे पाण्यात बुडणारीच हवी. तीस मीटरवरून हजार लिटर चढवायला, मोटारीतली घट धरूनही, पाव ते अर्धा युनिट पुरते. मग घराला तीन हॉर्सपॉवर कशाला? छोटी मोटार घ्या, उन्हात उंचावरची टाकी भरा. बॅटरीही नको.

या बैठकीत एवढे ठरवा : गावातल्या प्रत्येक पिण्याच्या बोअर-विहिरीचे पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायचे. अहवाल लेखी मागायचा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. वाईट बोअरला लाल रंग फासायचा. दुकानाची पायरी त्यानंतर चढायची.